वनवाटा आणि त्यांची प्रतवारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत होसकोटे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, नाट्यसंगीतावर बोलावे, फार तर शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीवर बोलावे, असा संकेत आहे. आम्ही मात्र वनातल्या वाटांवरून सायकल चालविण्याच्या क्रीडेवर बोलणार आहोत. विषय कळताच कार्यकारिणीतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटली, हे आम्ही पाहिले आहे. तरीही आम्ही विषय बदलला नाही, आणि त्यास कारण आहे.

आपल्या मंडळातील दहा-पंधरा मुलेमुली शनिवारी-रविवारी पहाटे सायकली घेऊन रानात जातात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्यांतील एका पंधरा वर्षांच्या मुलाला अपघात झाला. वनातील एका उतारावर सायकल घसरून त्याच्या खांद्यालगतचे हाड मोडले. मुलगा आता ठणठणीत बरा आहे व या सभेतही बसला आहे. परंतु त्या दिवसापासून आपल्यात दोन तट पडले आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की हा नाद मुळातच बंद करावा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की पडल्यावाचून कोणी शिकत नाही, तेव्हा मुलांना त्यांचे त्यांस करू द्यावे. आम्हांस हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. त्या मुलाचा दोष एवढाच, की ज्या वाटेने तो निघाला ती कोणत्या प्रतीची आहे हे त्याला माहीत नव्हते. आणि त्या वाटेच्या तोंडाशी ते सांगणारा एकही फलक नव्हता. प्रश्न धाडसाचा नव्हे, प्रतवारीचा आहे. आजच्या भाषणाचे सार एवढेच.

प्रथम या क्रीडेचे कूळ पाहू. सायकल रस्ता सोडून रानात शिरली ती काही काल-परवा नव्हे. १८९७ साली अमेरिकन पायदळाच्या एका कृष्णवर्णीय तुकडीने मोंटाना राज्यातून सेंट लुईसपर्यंत सुमारे एकोणीसशे मैलांचा प्रवास सायकलींवरून केला. आपल्या मुंबईचे उदाहरण तर अधिक अभिमानास्पद आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर तुडवून १९२८ मध्ये मुंबईस परतले. वाळवंट, दलदल, जंगल यांतले काहीही त्यांना चुकले नाही. आणि त्यांच्या सायकलींना आजच्यासारखे गिअरही नव्हते.

तथापि आज जिला माउंटन बायकिंग म्हणतात त्या क्रीडेचा जन्म कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, टमालपायस पर्वताच्या परिसरात, १९७० नंतरच्या दशकात झाला. काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरील मातीच्या वाटेने खाली धाव घेऊ लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत भरविली. दोन मैलांहून कमी अंतरात सुमारे तेराशे फुटांचा उतार! पायडल उलटे दाबून लागणारे त्या काळचे ब्रेक खाली पोचेपर्यंत इतके तापत, की आतील ग्रीस जळून धूर निघे व ते पुन्हा नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, असे नाव पडले. पुढे जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची प्रभृतींनी या कामासाठी खास सायकली बनविल्या. १९९० साली कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या क्रीडेस स्थान मिळाले. वीस वर्षांत एका टेकडीवरील पोरखेळाने ऑलिम्पिकपर्यंत मजल मारली.

आता आपल्या घराजवळ येऊ. होसकोटे हे नाव ‘होस’ आणि ‘कोटे’ या दोन कन्नड शब्दांचे. अर्थ नवा कोट. सतराव्या शतकात बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांच्यासमवेत हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. म्हणजे या मातीत आपण अगदीच परके नाही. पुण्याहून सातारा-कोल्हापूर-बेळगाव-हुबळीमार्गे बंगळूरला येऊन पुढे होसकोटे-कोलारवरून मद्रासेकडे जाणारा जो महामार्ग, त्याचा जुना क्रमांक सर्वत्र एकच होता: चार. पुण्याच्या वेशीवरून निघालेला रस्ता आपल्या दारावरून जातो, हे आठवून आमच्या पिढीतील कित्येकांनी बदलीच्या पहिल्या वर्षीची हुरहूर शांत केली आहे.

परंतु रस्ता आला म्हणून सह्याद्री त्याच्या मागोमाग आला नाही. आमच्या मुलांना डोंगर कोठे दाखवावयाचा? होसकोट्याभोवतीचा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच असला, तरी वरून पाहता सपाट पठारच आहे. तांबडी माती, नाचणीची शेते, तुतीचे मळे, निलगिरीच्या रांगा, मधूनच डोके वर काढणारा ग्रॅनाइटचा कातळ, आणि पक्षिनिरीक्षकांना प्रिय असलेला आपला विस्तीर्ण तलाव. वनातील वाटा हव्या असतील तर मुलांना बंगळूर शहराला वळसा घालावा लागतो. उत्तरेस येलहंक्यापलीकडील अवलहळ्ळीचे वन हे सायकलस्वारांचे आवडते ठिकाण आहे. जुन्या मद्रास रस्त्यावर आपल्या वाटेतच लागणारी अवलहळ्ळी ती ही नव्हे. नामसादृश्यामुळे नवखा माणूस हटकून चुकतो. शहराच्या पार दुसऱ्या टोकास, कनकपुरा रस्त्याच्या बाजूला, तुरहळ्ळीचे वन आहे. तेथील ग्रॅनाइटचे धोंडे प्रस्तरारोहकांनाही प्रिय आहेत. एक तांबड्या मातीचे, एक कातळाचे, अशी ही दोन वने. दोहोंची प्रकृती निराळी, म्हणून दोहोंतील वाटांची प्रतही निराळी.

वाटांची प्रत हा शब्द काहींना नवा वाटेल. पण कल्पना मुळीच नवी नाही. मराठी भाषेइतका वाटांचा बारकाईने विचार केलेली भाषा आम्हांस तरी दुसरी ठाऊक नाही. पायवाट निराळी, बैलवाट निराळी, गाडीवाट निराळी. ढोरवाट म्हणजे गुरांनी पाडलेली, तिच्यावर विसंबणारा माणूस झुडपात जाऊन थांबतो. घाटवाट, नाळेची वाट, शिडीची वाट, चोरवाट, आडवाट. त्यातून घसाऱ्याची, निसरडी, कातळातली, कारवीतली. हे नुसते शब्दवैभव नव्हे. यातला प्रत्येक शब्द चालणाऱ्याला आधीच बजावतो, की पुढे काय आहे आणि आपल्याला ते झेपेल की नाही.

उदाहरण म्हणून भीमाशंकर घ्या. कर्जत तालुक्यातील खांडस गावातून वर जाण्यास दोन वाटा आहेत. एक गणेश घाटाची. लांबची, वळसे घेत जाणारी, साध्या चालणाऱ्यास सोसणारी. दुसरी शिडी घाटाची. जवळची, पण कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांवरून चढणारी, आणि पावसाळ्यात भल्याभल्यांची परीक्षा पाहणारी. डोंगर एक, देव एक, पण वाटा दोन. आणि गावातला पोरगासुद्धा आपल्या पायांतील चपलांकडे पाहून कोणती वाट धरा ते सांगतो. राजगडाचे तसेच. पाली दरवाजाकडून येणारी पायऱ्यांची प्रशस्त वाट सहकुटुंब येणाऱ्यांची; गुंजवण्याकडून चोर दरवाजाला जाणारी कातळातली वाट सरावलेल्यांची. ही प्रतवारीच नव्हे काय? फरक एवढाच, की ती गावकऱ्यांच्या तोंडी होती, फलकावर नव्हती. आणि आपण तर आपल्या गावकऱ्यांपासून हजार किलोमीटर दूर आहोत. येथे विचारावयाचे कोणाला? म्हणूनच जे तेथे तोंडी चालत होते ते येथे लिहून लावले पाहिजे.

पाश्चात्त्य देशांनी हे लिहिण्याची एक पद्धत बसविली आहे. १९८८ साली कॅलिफोर्नियातील सायकल मंडळांनी एकत्र येऊन ‘इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन’ ही संस्था काढली. तिने बर्फावरून घसरण्याच्या खेळातील चिन्हांचा आधार घेऊन वाटांच्या पाच प्रती ठरविल्या. पांढरे वर्तुळ सर्वांत सोपे; मग हिरवे वर्तुळ; मग निळा चौकोन; मग काळी शंकरपाळी; आणि सर्वांत अवघड वाटेस दोन काळ्या शंकरपाळ्या. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, तांबडा आणि काळा असे चार रंग वापरतात. चिन्हे कोणतीही असोत, त्यांमागील मोजमाप महत्त्वाचे आहे.

ते मोजमाप येथे सांगतो, कारण आईवडिलांनी ते लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. हिरवी वाट निदान छत्तीस इंच, म्हणजे आपल्या जुन्या मापाने दोन हात रुंद असावी. तिचा सरासरी चढ शंभर फुटांस पाच फुटांहून अधिक नसावा. पृष्ठभाग घट्ट असावा, आणि टाळता येणार नाही असा अडथळा दोन इंचांपेक्षा उंच नसावा. निळी वाट चोवीस इंच किंवा अधिक. सरासरी चढ शंभरास दहापर्यंत. वाटेत आठ इंचांपर्यंतचे दगड किंवा मुळे येऊ शकतात. काळी वाट बारा इंचांवर आलेली असू शकते. चढ शंभरास पंधरापर्यंत, अडथळे पंधरा इंचांपर्यंत, आणि जमीन कोठे भुसभुशीत तर कोठे कातळ. दुहेरी काळी वाट सहा इंचांचीही असू शकते, आणि तिचा सरासरी चढ शंभरास वीस किंवा त्याहूनही अधिक. सहा इंच म्हणजे वीतभरही नव्हे! तेथे चाक ठेवणारा माणूस कित्येक वर्षांच्या सरावाचा असावा लागतो.

यातून एक गोष्ट उघड होते. वाट अवघड आहे की सोपी हे ‘मला कशी वाटली’ यावर ठरत नाही. रुंदी, चढ, जमीन आणि अडथळे या चार गोष्टी मोजून ठरते. आपल्या मुलांत असे होते, की एखादा तरबेज मुलगा परत येऊन सांगतो, ‘अरे, काही नाही त्यात, सहज उतरता येते.’ त्याच्या दृष्टीने ते खरेच असते. पण ते ऐकून दुसऱ्या दिवशी जो निघतो, त्याची सायकल वेगळी, हात वेगळा, सराव वेगळा. सांगणाऱ्याच्या फुशारकीवर ऐकणाऱ्याचे हाड अवलंबून राहू नये, यासाठीच टेप घेऊन मोजणी करावयाची असते. आम्ही आयुष्य सरकारी कचेरीत काढले. मोजणी, नोंद आणि फलक यांवर आमची श्रद्धा असणे स्वाभाविक आहे. परंतु येथे ही श्रद्धा अस्थानी नाही, असे आम्हांस वाटते.

काही पालक म्हणतील, ‘मग सर्वच वाटा हिरव्या करून टाका, प्रश्न मिटला.’ नाही मिटत. जेथे फक्त सोप्या वाटा असतात तेथे तरबेज मुले कंटाळून मधूनच झाडीत शिरतात आणि स्वतःच्या चोरवाटा पाडतात. त्या वाटेला ना मोजमाप, ना फलक, ना कोणाची देखरेख. उलट जेथे केवळ अवघड वाटा असतात, तेथे नवखा एक तर पडतो, नाही तर अडथळ्याला वळसा घालतो. त्याच्या मागून दहा जण तसेच करतात आणि दोन हातांची वाट दहा हातांची होते. दोन्ही प्रकारांत तुडविले जाते ते रान. म्हणून एकाच वनात तिन्ही प्रतींच्या वाटा असाव्यात, प्रत्येकीच्या तोंडाशी खरा फलक असावा, आणि त्यांखेरीज चौथी वाट कोणीही पाडू नये. प्रतवारीने माणूस वाचतो हे तर खरेच. पण वनही वाचते, हे अधिक खरे.

वाटेचा खरा शत्रू चाक नव्हे, पाणी होय. थेट उताराच्या दिशेने सरळ खाली काढलेली वाट दोन पावसाळ्यांत ओहोळ बनते. म्हणून वाट नेहमी उताराला आडवी घेत न्यावी. जाणकारांचा नियम असा, की वाटेचा चढ हा डोंगराच्या त्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, आणि एकूण वाटेचा सरासरी चढ शंभरास दहाच्या आसपास राखावा. वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवावी, म्हणजे पाणी आडवे निघून जाते. आणि ठरावीक अंतरावर वाटेला थोडा खोलगट बाक द्यावा, म्हणजे उरलेले पाणी तेथे बाहेर पडते. पाण्याला वाट दिली नाही, तर पाणी आपलीच वाट घेते. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात जुन्नरच्या बाजारपेठेला कोकणच्या बंदरांशी जोडणारा नाणेघाट ज्यांनी बांधून काढला, त्यांना पावसाचा स्वभाव कळत होता. म्हणूनच तेथील दगडी फरसबंदीचे अवशेष आजही दिसतात आणि वाटसरू अद्याप त्याच वाटेने चढतात.

बंगळूरच्या तांबड्या मातीला हे विशेष लागू पडते. कोरडी असताना ती वरून वाळूसारखी सुटी होते व चाक सरकते. ओली झाली की चिकट होऊन टायरला लदलदून बसते आणि चाकाने कोरलेली चरी वाळल्यावर तशीच राहते. येथील पाऊस मे महिन्यातील वळवांपासून सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात भर धरतो. तेव्हा मुलांना एक नियम घालून द्यावा: पाऊस पडून गेल्यावर वाट वाळेपर्यंत वनात जावयाचे नाही. त्या रविवारी वाटल्यास होसकोट्याच्या प्रसिद्ध पहाटेच्या बिर्याणीचा समाचार घ्यावा, किंवा शाकाहारी मंडळींनी इडलीचा. वनाची मात्र त्या दिवशी गाठ घेऊ नये.

आता कायद्याविषयी दोन शब्द. वन हे कोणाचे मोकळे मैदान नव्हे. कर्नाटकाच्या १९६३ च्या वन कायद्यान्वये राखीव वनात परवानगीवाचून शिरणे हा गुन्हा आहे. मग वाट पाडणे, झाड तोडणे, उड्या मारण्यासाठी मातीचे उंचवटे रचणे हे तर दूरच. बन्नेरघट्टच्या राष्ट्रीय उद्यानात सायकल घेऊन घुसण्याचा विचारही कोणी करू नये. तेथे हत्तींचा वावर आहे. अन्य वनांचे प्रवेशाचे नियम व वेळा वनखाते वेळोवेळी बदलते. म्हणून दर खेपेस आधी चौकशी करून, शुल्क असेल तर भरून, मगच आत जावे.

तुरहळ्ळीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. २०२१ साली त्या वनाच्या मोठ्या भागात वृक्षोद्यान करण्याचा सरकारी प्रस्ताव पुढे आला. फरसबंद वाटा, बसण्याच्या सोयी आणि गर्दी यांमुळे वनाचे बगीच्यात रूपांतर होईल, अशी नागरिकांना भीती वाटली. विरोध झाला, त्यात नियमित जाणारे सायकलस्वार, चालणारे, पक्षिमित्र असे सारेच होते, अखेर तो प्रस्ताव मागे पडला. यातून एक गोष्ट शिकावी. जो वनात नित्य जातो, तोच वनासाठी उभा राहतो. ज्या मुलाने कधी रान पाहिले नाही, त्याला रान गेल्याचे दुःख कसे होणार? पण याची दुसरीही बाजू आहे. मरीन परगण्यात सुरुवातीच्या सायकलस्वारांनी भरधाव उतरून पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना त्रस्त केले. परिणामी १९८० नंतरच्या दशकात तेथील कित्येक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. वर जिचा उल्लेख केला ती संस्था निघाली तीही याच कारणाने. ज्या गावात हा खेळ जन्मला त्याच गावाने त्याला दार लावले. येथे तसे होऊ नये, असे वाटत असेल तर वागणूक आधी सुधारली पाहिजे, मागणी नंतर केली पाहिजे.

याउलट वेल्समधील कोएड-य-ब्रेनिन या वनाचे उदाहरण घ्या. तेथे १९९० नंतरच्या दशकात, वनखात्याच्या संमतीनेच, खास सायकलींसाठी आखलेल्या प्रतवार वाटांचे ब्रिटनमधील पहिले केंद्र उभे राहिले. हिरव्या वाटेवर आई-वडील लहानग्यांना घेऊन जातात आणि त्याच वनात काळ्या वाटेवर पट्टीचे स्वार कस लावतात. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. खाते आणि खेळाडू यांचे सख्य असेल तर काय होऊ शकते, याचा तो दाखला आहे.

अर्थात वाटेला प्रत लावून भागत नाही. स्वारालाही प्रत लावावी लागते. आमच्या पिढीने तासाच्या भाड्याने सायकल आणून, नळीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत विद्या संपादन केली. त्यात मौज होती, पण पद्धत नव्हती. आपल्या मुलांसाठी आम्ही तीन पायऱ्या सुचवितो.

पहिली पायरी येथेच, होसकोट्याच्या आसपासच्या सपाट गाडीवाटांवर. मुलाने वा मुलीने तीन गोष्टी करून दाखवाव्यात: दोन्ही ब्रेक एकत्र दाबून आखलेल्या रेघेवर थांबणे, पाय न टेकता तीस पावलांचे अंतर शक्य तितक्या सावकाश कापणे, आणि दोन्ही पायडल समपातळीत ठेवून, सीटवरून उठून, आडव्या टाकलेल्या विटेवरून चाक नेणे. वेगात कोणीही सायकल चालवितो. सावकाश चालविता येणे हीच खरी परीक्षा. दुसरी पायरी वनातील हिरव्या व निळ्या योग्यतेच्या वाटांची. तेथे नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा पावले पुढे ठेवावयास, उतारावर शरीराचा भार मागे घ्यावयास, आणि चढ येण्यापूर्वी गिअर बदलावयास शिकावे. तिसरी पायरी कातळाची आणि तीव्र उताराची. ती सोळा वर्षे पूर्ण झाल्यावाचून नको, आणि एकट्याने तर कोणत्याही वयात नको. शिरस्त्राण तिन्ही पायऱ्यांवर सक्तीचे. ते नसेल तर सायकल घरी.

या तिन्ही पायऱ्यांच्याही आधी एक पायरी आहे, ती म्हणजे सायकलीवरून उतरून चालत जाण्याची लाज न वाटणे. अवघड जागा दिसली, उतरलो, चार पावले सायकल हाताने नेली, पुन्हा बसलो. यात कमीपणा कसला? घोडा खिंडीत दमला तर स्वार खाली उतरून लगाम हातात धरीत असे. त्याला कोणी भेकड म्हटले नाही. आमच्या मुलामुलींपैकी जो हे शिकेल त्याच्याविषयी आम्हांस चिंता नाही. आणि ‘मुलामुलींपैकी’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. कारण अपघातानंतर मुलग्यांना समज देण्यात आली, पण मुलींना मात्र घरी बसविण्यात आले, असे दोन-तीन घरांत घडले आहे. वाट ही रुंदी, चढ, जमीन आणि अडथळे एवढेच विचारते. पाचवा प्रश्न विचारीत नाही.

वाटेवरील शिष्टाचारही थोडक्यात सांगतो. चालणाऱ्याला प्रथम मान. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी. वळणावर घंटी वाजवावी. पण उगाच आरडाओरडा करू नये, कारण आपण कोणाच्या तरी घरातून चाललो आहोत. ते घर मोराचे असेल, सशाचे असेल, सापाचेही असेल. खाऊचे कागद खिशात घालून घरी आणावेत. गुराखी वा लाकडे वेचणारी बाई भेटली तर थांबावे व दोन शब्द कन्नडमध्ये बोलावेत. वाटेची खरी माहिती त्यांनाच असते. आपल्या खांडसचे गावकरी येथे तेच होत.

आता शेवटी मंडळासमोर एक सूचना ठेवतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून स्मरणिका निघाली, कार्यक्रम झाले. थोडी शिल्लक उरेल असे खजिनदार सांगतात. तिचा विनियोग करून आपण वनखात्याकडे रीतसर अर्ज करावा: जेथे सायकलींना प्रवेश आहे अशा एखाद्या वनातील सध्याच्याच वाटा मोजून, त्यांची प्रत ठरवून, प्रत्येकीच्या तोंडाशी फलक लावण्याची परवानगी आम्हांस द्यावी, नवी वाट एकही नको. मोजणीचे श्रम आमची मुले करतील, देखरेख वडीलधारे करतील, फलकांचा खर्च मंडळ सोशील. फलक अर्थातच कन्नडमध्ये असतील, खाली इंग्रजी असेल. त्यावर मंडळाचे नाव नसले तरी चालेल. ज्या भूमीने आपल्याला पन्नास वर्षे सांभाळले तिच्या मुलांनाही त्या फलकाचा उपयोग झाला, तर सुवर्णमहोत्सवाचे याहून चांगले स्मारक आम्हांस सुचत नाही. आणि अर्ज नामंजूर झाला, तर तोही निर्णय आपण मान्य करावा व पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. सरकारी कामाचा इतका अनुभव आमच्या गाठीशी आहे, की पहिल्या नकाराने आम्ही खचत नाही!

आणि मराठीचे काय? मराठी मुलांच्या तोंडी राहील. फलकावर निळा चौकोन असेल. पण तो पाहून मुलगी मागच्या मैत्रिणीला सांगेल, ‘पुढे घसारा आहे ग, जपून.’ पुस्तकातून शिकविलेले शब्द परीक्षेबरोबर जातात. डोंगरावर कामास आलेला शब्द जन्मभर टिकतो. सह्याद्री आपण येथे आणू शकत नाही. पण सह्याद्रीने आपल्या भाषेला दिलेले शब्द येथील तांबड्या मातीत पुन्हा चालते करू शकतो.

ज्यांना हा नाद बंद करावयाचा आहे त्यांना आमची विनंती, की मुलांना घरी कोंडू नका; त्यांची वाट आधी पाहून या. ज्यांना मुलांना मोकळे सोडावयाचे आहे त्यांनाही विनंती, की त्यांना मोकळे सोडण्यापूर्वी वाटेची प्रत सांगा. आणि बालमित्रांनो, तुम्हांस एकच सांगणे: वनात वाट काढावी, वनाची वाट लावू नये.